दोन तासांत डोकं दुखतं, ते पॉवर कमी पडते म्हणून नाही

वाचकांचे प्रश्न
उत्तरं देणारे : लष्कराच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं आणि त्यानंतर साताऱ्यात घरच्या टेबलावर दुर्बिणी दुरुस्त करणारे एक निवृत्त हवालदार

प्रश्न : मी बारा वर्षं ॲरिझोनात, टुसॉनला राहतो. ऑफिसातला एक सहकारी दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला डोंगरात जातो. गेल्या वर्षी मी त्याच्याबरोबर गेलो. बंदूक त्याची होती. मी दिवसभर खडकावर बसून समोरचा डोंगर दुर्बिणीनं पिंजून काढत होतो, आणि मला तेच काम फार आवडलं. यंदा परवान्याच्या सोडतीत माझंही नाव लागलं आहे. माझी दुर्बीण १०×४२ आहे (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमी), ऑनलाइन स्वस्तात घेतलेली. दोन तास पाहिलं की कपाळ ठणकायला लागतं, दुपारपर्यंत मळमळतं. मला चष्मा आहे. सहकारी म्हणतो, १५ पॉवरची घे. घेऊ का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. डोकं कशानं दुखतं ते आधी शोधू, कारण ते कारण तसंच राहिलं तर १५ पॉवरनं दुखणं दीडपट होईल.

वर्कशॉपमध्ये असताना एका तुकडीतून एक जवान पाठवला होता. निरीक्षण चौकीवर चार तासांची पाळी करायचा आणि पाळी संपली की डोकं धरून बसायचा. त्याची दोनदा डोळे तपासणी झाली होती, नवा चष्माही मिळाला होता. दुखणं तसंच. त्याच्याबरोबर त्याची दुर्बीण कुणी पाठवली नव्हती. मी ती मागवून घेतली आणि कोलिमेटरवर, म्हणजे दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का ते तपासायच्या यंत्रावर, चढवली. उजव्या नळीतला एक लोलक जागेवरून किंचित सरकला होता. कधीतरी दुर्बीण पडली असणार, वरून ओरखडाही नव्हता. लोलक बसवून दिला, जवान परत गेला, पुन्हा तक्रार आली नाही. तेव्हापासून कुणी डोकेदुखीची गोष्ट सांगितली की मी आधी दुर्बीण मागतो.

दुर्बिणीच्या दोन नळ्या म्हणजे एका जुवाला जुंपलेली बैलजोडी. दोघांनी एका रेषेत चालायला हवं. एका नळीतलं चित्र दुसऱ्यापेक्षा जरा वर असेल, तर मेंदू दोन्ही चित्रं जुळवायला डोळ्यांचे स्नायू ओढतो. डोळे आत, नाकाकडे वळायला तयार असतात. जवळचं वाचताना आपण तेच करतो. पण एक डोळा वर आणि दुसरा खाली, हे काम त्यांना जन्मात कधी पडलेलं नसतं. ते थोडंसं जमवतात आणि त्याची किंमत तुमचं कपाळ मोजतं. दुकानात दोन मिनिटं पाहताना हे कळतच नाही, कारण दोन मिनिटं डोळे सगळं सांभाळून घेतात.

घरी तपासायची रीत सोपी आहे. दुर्बीण भिंतीवर किंवा ट्रायपॉडवर पक्की टेकवा. लांबच्या इमारतीच्या छताची आडवी कड किंवा विजेची तार धरा आणि नीट फोकस करा. मग नजर न हलवता डोकं हळूहळू मागे घ्या, वीतभर अंतरापर्यंत. दोन गोल वेगळे दिसू लागतील. दोन्ही गोलांत ती आडवी रेघ एकाच पातळीवर हवी. एका गोलात ती चढलेली किंवा उतरलेली दिसली तर दुर्बीण तिरकी आहे. आणखी एक खूण आहे : डोळे अर्धा मिनिट मिटून एकदम उघडा. पहिल्या क्षणी दोन चित्रं दिसली आणि मग सरकत एक झाली, तर तो सरकण्याचा क्षण म्हणजेच तुमची डोकेदुखी. अशी दुर्बीण दुकानदाराला परत करा. मुदत संपली असेल तर ज्याच्याकडे कोलिमेटर आहे अशाच माणसाकडे द्या.

रेघ सरळ निघाली तर दुसरा संशय डायॉप्टरच्या कड्यावर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक भरून काढणाऱ्या कड्यावर. बहुतेक दुर्बिणींना हे कडं उजव्या नेत्रिकेवर (डोळ्याकडच्या भिंगावर) असतं आणि बहुतेक लोक त्याला कधी हातच लावत नाहीत. पुढचं उजवं भिंग झाकणानं झाका. डोळा मिटू नका, मिटला की दुसराही आकसतो. मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्वच्छ करा. मग पुढचं डावं भिंग झाका, मधल्या चाकाला न शिवता उजवं कडं फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. कड्यावरचा आकडा लक्षात ठेवा किंवा नेलपॉलिशनं ठिपका द्या. शिकारीच्या पिशवीत जाता-येता ते फिरतं, म्हणून दर सकाळी बघून घ्या.

आता चष्मा. तुमच्यासाठी पॉवरपेक्षा हा आकडा महत्त्वाचा : नेत्रिकेपासून किती अंतरावर डोळा ठेवला की पूर्ण गोल दिसतो. तक्त्यात तो मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. चष्मेवाल्याला किमान १६ हवा, १८ असेल तर उत्तम. इथे एक फसगत होते. कंपन्या हे अंतर भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजतात आणि भिंग मात्र रबरी कडेच्या आत दोन-तीन मिलिमीटर खोल बसलेलं असतं. म्हणजे कागदावरचे १५ तुमच्या चष्म्याला बारा-तेराच मिळतात. म्हणून आकड्यावर विसंबू नका. रबरी कडा पूर्ण खाली फिरवून चष्म्यासकट पाहा. दृश्याच्या कडेचं काळं वर्तुळ सगळीकडून ठसठशीत दिसलं पाहिजे. त्यासाठी चष्मा भिंगावर दाबावा लागत असेल तर ती दुर्बीण तुमची नाही. चष्मा काढून पाहायचा सल्ला पुष्कळ जण देतात. नुसता लांबचा नंबर असेल तर दुर्बीण तो फोकसमध्ये भरून काढते, पण सिलिंडरचा नंबर भरून काढत नाही. आणि हरीण हललं की चष्मा शोधण्यात ते हातचं जातं.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या १५ पॉवरकडे येतो. तो चुकीचं सांगत नाही. माझा मुलगा तुमच्याच राज्यात आहे. एका डिसेंबरात त्याच्याकडे गेलो असताना शेजारच्या गृहस्थांनी मला दक्षिणेच्या डोंगरात नेलं होतं. तिथलं ते पांढऱ्या शेपटीचं लहानखुरं हरीण, ज्याला सगळे 'कूझ' म्हणतात, ते एलियट काउझ या लष्करी डॉक्टराच्या आणि पक्षितज्ज्ञाच्या नावावरून. नराचं वजन सहसा पन्नास किलोच्या आतच. रंग राखाडी, ओक आणि जुनिपरच्या झुडपांच्या सावलीत असा मिसळतो की समोर असून दिसत नाही. ते शोधायला तिथली माणसं १५×५६ ट्रायपॉडवर चढवून तासन् तास बसतात. त्या गृहस्थांच्या स्वारोव्स्कीच्या १५×५६ मधून मी दुसऱ्या डोंगरावरच्या मादीचा कान हललेला पाहिला. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा शोधताना जी हुरहुर होते तीच तिथे झाली. शिकार मी आयुष्यात केली नाही आणि आता करणारही नाही, पण ते शांत बसणं आणि बघणं माझ्या ओळखीचं होतं.

पण त्या दुर्बिणीचं वजन सव्वा किलोच्या आसपास. तिला ट्रायपॉडशिवाय उचलण्यात अर्थ नाही, कारण हाताचा कंपही पंधरापट होतो. दृश्य जेमतेम साडेचार अंशांचं, त्यामुळे डोंगर पिंजायला वेळ लागतो. आणि ऊन तापल्यावर जमिनीवरची हवा उकळू लागली की १५ पॉवर तुम्हाला हरणापेक्षा मृगजळच मोठं करून दाखवते. तिचं राज्य पहाटे आणि संध्याकाळी.

म्हणून माझं मत : तुमची १०×४२ तपासणीत तिरकी निघाली तर चांगली १०×४२ घ्या, आणि उरलेल्या पैशांतून ट्रायपॉड, चांगलं फ्लुइड हेड (ट्रायपॉडवरचं, दुर्बीण हिसका न बसता सावकाश फिरवू देणारं डोकं) आणि दुर्बीण ट्रायपॉडला जोडायचा अडॅप्टर घ्या. बऱ्याच दुर्बिणींना दोन नळ्यांच्या मधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाला एक टोपी असते. ती फिरवून काढली की आत पाव इंची आट्यांचं छिद्र मिळतं, अडॅप्टर तिथेच बसतो. दुर्बीण विकत घेण्याआधी ते छिद्र आहे का ते बघा. ट्रायपॉडवरची १० पॉवर हातातल्या १५ पेक्षा जास्त हरणं दाखवते. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आहे, आणि तुम्ही एकदा पाहिलंत की माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. पुढच्या वर्षी हौस टिकली तर त्याच ट्रायपॉडवर १५×५६ चढेल.

चांगली दुर्बीण महाग का, हेही सांगतो, कारण पैसे कुठे जातात ते कळल्याशिवाय मोजवत नाहीत. सरळ नळीच्या दुर्बिणीत छपरासारखी धार असलेला लोलक असतो. ही धार बरोबर नव्वद अंशांची लागते. काही विकलांची (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) चूकही चित्र फाडते. त्यात भर म्हणजे या धारेवर प्रकाश दोन भागांत विभागून पुन्हा एकत्र येतो तेव्हा त्याच्या लहरींचा ताळमेळ चुकतो आणि बारीक तपशील पुसट होतो. यावरचा लेप झाइसनं १९८८ मध्ये आणला. त्याला फेज कोटिंग म्हणतात, आणि आज बऱ्या किमतीच्या प्रत्येक सरळ नळीच्या दुर्बिणीला तो असतो. शिवाय अशा बहुतेक लोलकांचा एक पृष्ठभाग आरशासारखा मुलामा मागतो. अल्युमिनियमचा स्वस्त, चांदीचा बरा, डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातूऐवजी अनेक पातळ थरांचा, सगळ्यांत उजळ. खरेदीच्या वेळी फेज कोटिंग आणि डायइलेक्ट्रिक हे दोन शब्द तक्त्यात शोधा. नसतील तर त्याच पैशांत जुन्या पद्धतीची, खांदे बाहेर आलेली पोरो दुर्बीण घ्या. तिला या दोन्ही गोष्टींची गरजच नसते, म्हणून कमी पैशांत ती जास्त स्वच्छ दाखवते. फक्त पावसाला ती सहसा तितकी घट्ट नसते.

दुकानात गेलात की वीस मिनिटं मागून घ्या. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. उभ्या गाडीखालच्या सावलीत पाहा; तिथले तपशील उलगडतात का? सूर्य बाजूला ठेवून उजेडाकडे पाहा. दृश्यावर पांढरी साय पसरते का? आभाळाच्या पार्श्वभूमीवरची तार पाहा. तिला जांभळी-हिरवी किनार किती? मग दुर्बीण हातभर लांब धरून नेत्रिकेतले दोन उजेडाचे ठिपके पाहा. ते पूर्ण गोल हवेत. कडा कापलेल्या किंवा चौकोनी राखाडी दिसल्या तर लोलकाची काच किंवा आकार यांत काटकसर झाली आहे. शेवटची पाच मिनिटं काहीच तपासू नका, नुसतं बघत राहा. त्या पाच मिनिटांत डोळे चोळावेसे वाटले तर दुर्बीण परत ठेवा, मग नाव कितीही मोठं असो.

डोंगरावर बसताना बूड जमिनीला टेकेल असं बसा, खाली फोमची घडी ठेवा, ट्रायपॉड छातीच्या उंचीवर आणा. मान वाकली की डोळेही थकतात. पहाटे सूर्य पाठीशी घ्या. डोंगराचे शेतासारखे वाफे पाडा आणि एकेक वाफा संपवा. चौकट सरकवताना निम्मी जुनी, निम्मी नवी ठेवा. अख्खं हरीण शोधू नका. झुडपांच्या उभ्या रेघांत पाठीची आडवी रेघ, गळ्याचा पांढरा डाग, कानाची एक फडफड शोधा. नऊ-दहानंतर ती सावलीला बसतात आणि सावली सरकली की उठून जागा बदलतात. पाहून झालेला वाफा त्या वेळी पुन्हा पाहायचा. दर पंधरा मिनिटांनी दुर्बिणीपासून बाजूला व्हा आणि मोकळ्या नजरेनं दूर पाहा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. परवाना मिळाला म्हणजे तुमच्या हातात आता दुर्बिणीच्या जोडीला रायफलही असेल, तिच्यावर टेलिस्कोप असेल. ते काय आहे हे बघायला टेलिस्कोप कधीही वापरू नका. टेलिस्कोप जिकडे वळतो तिकडे बंदुकीची नळीही वळते, आणि झुडपात हललेलं ते कधी कधी माणूस असतं. ओळख पटवायची ती दुर्बिणीनं. नर आहे, मादी आहे, मागे कुणी उभं आहे का, हे सगळं पक्कं झाल्यावरच रायफल उचलायची. चांगल्या काचेवर खर्च करायचं माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

प्रश्न : देवगडला आमच्या घरी आजोबांची ८×३० दुर्बीण आहे, जर्मन, चामड्याच्या पेटीत. आजोबा रानडुकराच्या शिकारीला जात; १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांनी बंदूक ठेवून दिली, दुर्बीण मात्र शेवटपर्यंत गच्चीवर वापरली. आता मुलाला पक्षी बघायला ती द्यायची आहे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. स्वतः उघडून पुसू का?

उत्तर : ताई, कृपा करून उघडू नका. ते जाळं म्हणजे बुरशी. कोकणच्या दमट हवेत, बंद चामड्यात, तिला दुसरं काय हवं? चामडं ओल धरून ठेवतं. पेटी आठवण म्हणून ठेवा, पण दुर्बीण तिच्यात परत ठेवू नका.

या जुन्या दुर्बिणींत पुढची भिंगं दुहेरी विकेंद्री कड्यांत, म्हणजे मध्य किंचित बाजूला असलेल्या कड्यांत, बसवलेली असतात. कारागीर ती कडी केसभर फिरवून दोन्ही नळ्या एका रेषेत आणतो. तुम्ही पुढची रिंग फिरवलीत की त्यानं शंभर फेऱ्यांत साधलेली रेघ एका फेरीत जाते, आणि मग वरच्या उत्तरातली डोकेदुखी तुमच्या मुलाच्या वाट्याला येते. जाणत्या कारागिराकडे द्या. त्याला पहिला प्रश्न विचारा, कोलिमेशन कशावर करता? 'डोळ्यांनी' असं उत्तर आलं तर दुर्बीण परत घेऊन या.

देण्याआधी मोबाइलचा टॉर्च पुढच्या भिंगातून टाकून नेत्रिकेच्या बाजूनं तिरकं पाहा, थेट नाही. बुरशी लोलकावर वरवर असेल तर निघते. फार वर्षं राहिली असेल तर तिच्यातलं आम्ल काचेला चरे पाडून जातं, आणि पुसल्यावरही जाळ्याची नक्षी उरते. मग मी खर्च करू नका असंच सांगतो.

दुसरं, भिंगावर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. निळसर-जांभळं असेल तर काचेवर लेप आहे. पांढरं स्वच्छ असेल तर लेप नाही. लेपाशिवाय काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो, आणि अशा एका नळीत असे दहाएक पृष्ठभाग असतात. म्हणजे वाटेतच एक तृतीयांश उजेड गेला. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये लेपाची युक्ती काढली ती याच गळतीवर. बिनलेपाची दुर्बीण भर दुपारी छान दाखवेल, पण संध्याकाळी खाजणातले बगळे तिच्यात धूसर होतील.

दुरुस्त होऊन आली की हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. आणि रोज वापरा. आजोबांच्या हातात असताना तिला बुरशी लागली नव्हती, कारण ती रोज गच्चीवर उजेड-वारा खात होती.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ऑनलाइन '१० ते ९० पॉवर, ८० मिमी' झूम दुर्बीण अडीच हजारांत दिसते. भिगवणला फ्लेमिंगो बघायला चालेल का?

उत्तर : नाही. ८० ला ९० नं भागून बघ. डोळ्यात शिरणारा उजेडाचा ठिपका एक मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे दृश्य अंधारं. हाताच्या कंपानं ते नाचणार. आणि दोन्ही नळ्यांतलं झूम कायम एकसारखं फिरावं ही यंत्रणा त्या पैशांत नीट बनत नाही. बहुतेकदा तो ८० चा आकडाही खरा नसतो.

थोडे थांबून, पैसे जमवून ८×४० ची साधी पोरो घे. घेताना कंपासपेटीतली पट्टी खिशात ठेव. दुर्बीण आभाळाकडे धरून नेत्रिकेतल्या उजेडाच्या ठिपक्यावर पट्टी लाव. ८×४० असेल तर ठिपका पाच मिलिमीटर भरला पाहिजे. चारच भरला, तर आत कुठेतरी वाट अडवून ४० चे ३२ केलेले आहेत. दुकानदारालाही तो दाखव.